अचूक असल्याचा दाखला

मी फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून कुणीतरी विचारणारच, की एवढी तोंडाळ मुलगी ऐन वेळी मूग गिळून कशी बसली. बसले खरी. आणि विद्यापीठातला माझा पहिला आठवडा त्यातच गेला.

आमच्याकडे वजनकाटे दुरुस्त होतात. घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. वाण्याचे काटे येतात, सोनाराचे येतात, औषधांच्या दुकानातले येतात. बाबांकडे परवाना आहे. ते काटा तपासतात, नीट करतात आणि तो अचूक असल्याचा दाखला सही करून देतात. काम झालं की दांडीच्या खालच्या अंगाला, गिऱ्हाइकाला कधीच दिसणार नाही अशा जागी, सुईनं आपली खूण आणि तारीख कोरून ठेवतात. खूण म्हणजे एक बारीक त्रिकोण, त्यात टिंब.

चार वर्षांपूर्वी बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपाबरोबर, मग सगळ्याबरोबर. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, वाढेल, कमी होणार नाही. तेव्हापासून बारीक कामं माझ्याकडे आली. बाबा बाहेर बसून गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचे आणि मी आत पडद्यामागे दांडी सरळ करत बसायची. बाहेर कुणाला पत्ता नव्हता. परवाना बाबांचा, मी तेव्हा शाळेत, कळलं असतं तर दुकानाला कुलूपच लागलं असतं. आई म्हणायची, "महाराणी आत राबतायत, राजे बाहेर गप्पा मारतायत." तिघंही हसायचो. हसण्यावारी नेलं नसतं तर काय केलं असतं?

रसायनशास्त्र मी घ्यावं, तेही याच विद्यापीठात, हा बाबांचा हट्ट. ते म्हणायचे, "तळमजल्यावर काचेच्या पेटीत एक काटा आहे. तसा काटा मी जन्मात दुसरा पाहिला नाही." तीन वर्षांपूर्वी त्यांना तो तपासायला बोलावलं होतं. एरवी बाहेरच्या कामाला मी मदतनीस म्हणून बरोबर जायची. त्या दिवशी माझी परीक्षा होती, म्हणून ते एकटेच गेले.

सोमवारी मी विद्यापीठात पाऊल ठेवलं. अर्ज, रांगा, चुकीची इमारत, चुकीचा मजला, परत तीच रांग. खिडकीतल्या बाईंनी मला तीनदा माघारी धाडलं आणि तिसऱ्या वेळी मी त्यांना जे बोलले ते इथे नको. संध्याकाळी घरी आले तर बाबा दारातच उभे.

"दिसला का काटा?"

"अहो बाबा, मला अजून वर्ग दिसला नाही, काटा कुठला?"

"बरं, बरं," म्हणाले आणि आत गेले.

मंगळवारी प्रयोगशाळा दाखवली. आम्हा वीस जणांना शिकवायला एक ताई होती. तिची स्वतःची पदवी संशोधनाची, दोन महिन्यांत प्रबंध द्यायचा होता. सगळे तिला ताईच म्हणायचे, अगदी विभागप्रमुख सरसुद्धा. तिशीतली, बारीक, डोळ्यांखाली काळं. ती आम्हाला काचेच्या पेटीपाशी घेऊन गेली.

"हा जुना तराजू आहे. वरच्या मजल्यावर विजेवरचे आहेत, तुम्ही ते वापरायचे. याला कुणीही हात लावायचा नाही. माझं दोन वर्षांचं काम याच्यावर चाललंय, शेवटपर्यंत याच्यावरच व्हायला हवं."

बाबा खोटं बोलत नव्हते. पितळेची दांडी, दोन पारडी, मधोमध लांब सुई, सगळं लखलखीत. बाकीची मुलं पारड्यांकडे बघत होती. मी सवयीनं गुडघ्यावर बसले आणि खालून दांडी पाहिली. त्रिकोण होता, त्यात टिंब. आणि तारीख, माझ्या परीक्षेच्या दिवसाची. मला इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. एवढ्या मोठ्या इमारतीत माझ्या ओळखीचं काहीतरी होतं.

मग मी नीट पाहिलं. त्रिकोणाची एक रेघ दुसऱ्या रेघेला मिळतच नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत सगळे गेले, मी राहिले. फक्त बघणार होते. पण काटेवाल्याच्या घरात वाढलेल्याला पारडी समोर असताना हात आवरत नाही. मी पेटी उघडली. काट्याची परीक्षा सोपी असते. दोन्ही पारड्यांत वजनं टाकून सुई मधल्या रेघेवर आणायची, मग डावीकडचं उजवीकडे आणि उजवीकडचं डावीकडे करायचं. दांडीचे दोन्ही हात सारखे असतील तर सुई जागची हलत नाही. सुई हललीच. पुन्हा केलं, पुन्हा तेवढीच हलली. तिसऱ्यांदाही तेवढीच. दांडीचे हात आपोआप लांब होत नाहीत; काटा बिघडला नव्हता. बाबांनीच तो वाकडा लावला होता.

आता मी काय करायला हवं होतं हे मला कुणी सांगायला नको. आमच्याकडे पहिला नियम हाच, की आधी काटा कितीनं चुकतोय ते लिहायचं आणि मग त्याला हात लावायचा. मी तो नियम सहाव्या वर्षी शिकले. पण लिहिलं म्हणजे कागद झाला, कागद झाला म्हणजे कुणी वाचणार, आणि वाचणाऱ्याला कळणार की बाबांचा हात गेलाय. मी काही लिहिलं नाही. कंपासपेटीत बारीक पेचकस होता, तो काढला. अर्धा तास लागला. शेवटी वजनं कशीही बदलली तरी सुई मधल्या रेघेवर. पेटी बंद केली, काच रुमालानं पुसली आणि तासाला जाऊन बसले. खरं सांगते, मला त्या वेळी फार हुशार असल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी बाबा पुन्हा दारात. "दिसला का?"

"दिसला. झकास आहे."

"बरोबर आहे?"

"अगदी बरोबर."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग जेवायला बसले आणि त्या दिवशी त्यांनी दोनदा वाढून घेतलं. आई म्हणाली, "आज काय स्वारी खुशीत?" मला वाटलं, आपला काटा अजून चालतोय म्हणून माणूस सुखावलाय.

बुधवारी काही झालं नाही. म्हणजे दोन तासांत मला एक अक्षर कळलं नाही, पण त्याचं रडगाणं इथे नको.

गुरुवारी ताईचा तोलायचा दिवस होता. तिच्या कामाचं तिनं आम्हाला सांगितलं होतं. लोखंडाच्या बारा पट्ट्या, प्रत्येक साठ ग्रॅमची, दोन वर्षं मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या. दर गुरुवारी बाहेर काढायच्या, गंज घासायचा, वाळवायच्या, तोलायच्या. लोखंड झिजतं, वजन दर आठवड्याला दोन-तीन मिलिग्रॅम कमी होतं. ते किती झरझर कमी होतं हाच तिचा अभ्यास. आम्ही वीस जण आपापल्या टेबलाशी होतो. ताईनं पहिली पट्टी तोलली, वहीत पाहिलं, परत तोलली. दुसरी तोलली. बाराही झाल्यावर ती स्टुलावर बसली आणि बसूनच राहिली. गेल्या गुरुवारपेक्षा सगळ्या पट्ट्यांचं वजन वाढलं होतं.

मला तेव्हा कळलं मी काय केलंय.

सर आले. उंच, शांत, आवाज कधी न चढवणारा माणूस. त्यांनी स्वतः दोन पट्ट्या तोलल्या. मग वजनं इकडची तिकडे करून पाहिली. सुई रेघेवर. वर जाऊन विजेवरच्या तराजूवर तोलून आले, तेच वजन. मग कपाटातून फाइल काढली आणि दाखला बाहेर काढला. तो कागद मी लांबूनच ओळखला.

"काटा अचूक आहे," सर म्हणाले. "तीन वर्षांपूर्वीचा दाखला आहे. आत्ता मी स्वतःही तपासला. मग तुझ्या वहीतली दोन वर्षांची वजनं आली कुठून?"

"सर, मी तोललीयत."

"दर गुरुवारी?"

"दर गुरुवारी. एकही चुकवला नाही."

"झिजणारं लोखंड वाढत नाही, ताई. काटा खोटा नाही, मग खोटं कोण आहे? बसल्या जागी आकडे टाकलेस का?"

ती वहीतलं मागचं पान शोधायला लागली.  सरांनी तिची वही उचलली, काखेत घेतली आणि सोमवारी समितीपुढे ये म्हणून सांगितलं. वीस मुलं ऐकत होती. काटा चुकत होता याचा जगात एकच पुरावा होता, तो म्हणजे तो चुकीचा काटा, आणि तो मी मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत पुसून टाकला होता. हातात चंचुपात्र धरून मी उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. पण मी बोलले की तो दाखला खोटा ठरतो, दाखल्यावर सही बाबांची, आणि परवाना गेला की बाबांना दुसरं काही येत नाही. बापाला वाचवायचं की जिला मी तीन दिवसांपासून ओळखते त्या बाईला? मी पात्र धुतलं आणि घरी आले. त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणाले.

शुक्रवारी मला वाटलं ताई येणार नाही. ती आली. डोळे सुजलेले, केस नीट बांधलेले. ती आमच्या वह्या तपासत होती. माझ्यापाशी आली, वही पाहिली आणि म्हणाली, "अगं, वजन असं घाईनं नाही लिहायचं. आधी वाचायचं, मग लिहायचं, मग परत वाचायचं. एवढी सवय लावून घे. बाकी सगळं येतं आपोआप." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेली. तिनं माझ्या कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. मी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडला आणि रडले.

घरी पोचले तेव्हा ऊन होतं अजून. बाबा दुकानात एक पारडं पुसत बसले होते. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"तुम्ही तो काटा चुकीचा लावला होता," मी म्हणाले. मला रडायचं होतं आणि येत होता तो राग. "दाखला दिलात आणि काटा चुकीचा."

मला वाटलं ते चिडतील, नाहीतर हादरतील. बाबांनी पारडं खाली ठेवलं.

"किती होता?"

"लिहिलं नाही मी. साठ ग्रॅमला दहा मिलिग्रॅमच्या आसपास असेल."

"अकरा," बाबा म्हणाले.

 आई आतून येऊन दारात उभी राहिली होती.

बाबा सांगत होते आणि पारड्याकडे बघत होते. सकाळी दहाला बसले होते त्या काट्यापाशी. हात ऐकेना. काटा जरा सरळ व्हायचा आणि पेचकस काढताना पुन्हा हलायचा. पाच वाजले. प्रयोगशाळेतला किल्ल्या सांभाळणारा माणूस दारात घड्याळ बघत उभा राहिला. शेवटची अदलाबदल केली तेव्हा अकराचा फरक राहिला होता. मला जमत नाही असं म्हणायला हवं होतं. ते म्हणता आलं नाही. दाखला लिहिला आणि सही केली.

"पण घरी आल्यावर वहीत खरं लिहिलं," ते म्हणाले. "आपल्या दुरुस्तीच्या वहीत. तिथे खोटं लिहिता येईना."

"मग मला रोज विचारत होता, दिसला का, दिसला का..."

"भीती वाटत होती म्हणून विचारत होतो."

"मला वाटलं अभिमान."

"अभिमान कसला, पोरी. तुझी नजर मला माहीत आहे. तुला एका दिवसात कळणार होतं. तू मंगळवारी बरोबर आहे म्हणालीस, तेव्हा मला वाटलं मोजण्यात चुकलं असेल माझंच, तो काटा बरा असेल. तीन वर्षांनी त्या दिवशी मी पोटभर जेवलो."

मग मी ताईचं सांगितलं. सगळं, वही काखेत घेतली इथपर्यंत.  शेवटी बाबांनी विचारलं, "उद्या शनिवारी असतं ना तुमचं?"

"परवाना जाईल," आई म्हणाली.

"जाईल," बाबा म्हणाले आणि वही काढायला उठले.

शनिवारी सकाळी बाबा इस्त्रीचा सदरा घालून माझ्याबरोबर निघाले.  सर त्यांच्या खोलीत होते; काट्याबद्दल सांगायचंय म्हटल्यावर त्यांनी ताईलाही बोलावून घेतलं. सरांनी बसा म्हटलं तरी बाबा उभेच राहिले.

"मी काटेवाला," ते म्हणाले. "तुमचा काटा तीन वर्षांपूर्वी मी तपासला. तो चुकीचा होता हे मला माहीत होतं आणि मी अचूक असल्याचा दाखला दिला. या बाईंनी लिहिलेली वजनं त्यांना त्या काट्यावर दिसलीच असणार."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी सांगितलं, मंगळवारचं सगळं. 

बाबांनी वही उघडून पानावर बोट ठेवलं. साठ ग्रॅमला अकरा मिलिग्रॅम, दांडीचा उजवा हात लांब. सरांनी कपाटातून ताईची वही काढली आणि तिच्या हातात दिली. तिनं तिथेच उभ्यानं हिशेब केला, एकेका पट्टीचा, प्रत्येक जुन्या वजनात अकरा मिळवून. बारा पट्ट्या. दहाव्या पट्टीनंतर तिची पेन्सिल थांबली, पण तिनं उरलेल्या दोन्ही केल्या. सगळ्या जुळल्या. या आठवड्याची झीज दोन, तीन, दोन, जशी असायला हवी तशी.

"हे मला लिहून लागेल," सर म्हणाले. "समितीपुढे ठेवायला."

मी पेन घ्यायला पुढे झाले. बाबा म्हणाले, "थांब." ते खुर्चीत बसले, डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं आणि लिहायला लागले. चार ओळींना किती वेळ लागतो हे मला त्या दिवशी कळलं. पेन कागदावर टकटक वाजत होतं. सर आधी बघत होते, मग खिडकीबाहेर बघायला लागले. सही करून बाबा उठले आणि ताईसमोर उभे राहिले.

"माझ्यामुळे तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं," ते म्हणाले. "माफ करा."

"काल मी घरी सांगून टाकलं होतं, काका," ताई म्हणाली. "हे सगळं सोडते म्हणून." तिनं असू दे म्हटलं नाही. मला ते बरं वाटलं.

सरांनी मला त्या सत्रापुरती प्रयोगशाळेत हात लावायला बंदी केली. यायचं, बघायचं, लिहायचं, उपकरणाला शिवायचं नाही. परवान्याच्या कचेरीला आपण कळवू, असंही ते बाबांना म्हणाले. "नको," बाबा म्हणाले, "सोमवारी मी स्वतः परवाना परत देऊन येतो." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "जायच्या आधी तो एकदा बघू का?"

आम्ही चौघं खाली गेलो. बाबांचा हात चालत नव्हता आणि मला बंदी होती. ताईनंच पेटी उघडली. बाबा सांगत गेले, हे वजन इकडे, ते तिकडे, आता सोडा. सुई डुलत डुलत रेघेवर येऊन थांबली. ताईनं पुन्हा अदलाबदल केली. सुई तिथेच. बाबा वाकून पाहत होते, बराच वेळ.

"मला हे जमलं नव्हतं," ते सरांना म्हणाले. "हिनं लावलाय. चार वर्षं माझे सगळे काटे हीच लावते."

बाहेरच्या माणसासमोर हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं होतं. चार वर्षं पडद्यामागे बसून मी हे ऐकायची वाट पाहिली होती, आणि आता ते ऐकताना मला वर बघवेना.

ताईनं भिंतीवरची उपकरणांची नोंदवही काढली. मंगळवारची तारीख टाकली, चूक अकरा असं लिहिलं, दुरुस्त केलं असं लिहिलं. मग पेन थांबवून म्हणाली, "कुणी केलं, ते सांग."

मी बाबांकडे पाहिलं. ते माझीच वाट बघत होते. मी माझं नाव सांगितलं, आणि ताईनं ते लिहून घेतलं.